ख्रिस्तजन्माचा अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर उजाडला की नाताळाबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुढे येतात. विचारणाऱ्यांपैकी काही जन्मापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये वाढलेले असतात, तर काही जण आयुष्यात पहिल्यांदाच शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, उघडून बसलेले असतात. दोघांचे प्रश्न मात्र बहुतेक सारखेच असतात, म्हणून उत्तरंही एकत्रच दिली आहेत. तारखांचे प्रश्न आधी घेतले आहेत, कारण ते सुटल्याशिवाय अनेकांचं मन पुढे सरकत नाही.

नाताळ म्हणजे नेमकं काय? थोडक्यात सांगा.

येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण. ख्रिस्ती विश्वास असा आहे की ज्याने सारं निर्माण केलं, तो देव स्वतः मरिया नावाच्या, गलीलातल्या नासरेथ गावच्या मुलीच्या पोटी माणूस म्हणून जन्माला आला. माणसं आधी सुधारू देत, तयार होऊ देत, मग येऊ, असं म्हणत तो थांबला नाही. आपण होतो तसे असताना आला. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

येशूचा जन्म खरोखर २५ डिसेंबरला झाला का?

तारीख कोणालाच माहीत नाही. शुभवर्तमानांत दिवस नाही, महिनाही नाही. पहिल्या दोन शतकांतल्या ख्रिस्ती लोकांचं सारं लक्ष येशूच्या मरणाकडे आणि पुनरुत्थानाकडे लागलेलं होतं. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने जन्मदिनाबद्दलची निरनिराळी मतं नोंदवली, त्यांत मे महिन्यातली एक तारीख आहे, पण २५ डिसेंबर नाही. ही तारीख स्पष्टपणे आढळते ती रोममधल्या इ.स. ३५४ च्या एका दिनदर्शिकेत, आणि त्यातली ती यादी ३३६ सालची असावी असं अभ्यासक मानतात.

आजही सगळं ख्रिस्ती जग एकाच दिवशी हा सण पाळत नाही. आर्मेनियन मंडळी ६ जानेवारीला जन्म आणि बाप्तिस्मा एकत्र साजरे करते. रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीसारख्या जुनी ज्युलियन दिनदर्शिका पाळणाऱ्या मंडळ्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला येतो, कारण दोन दिनदर्शिकांत सध्या १३ दिवसांचा फरक आहे. म्हणून त्यांचा ख्रिस्त वेगळा ठरत नाही.

हा मूळचा रोमन सूर्यदेवाचा सण होता ना?

हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की बहुतेकांना ते सिद्ध झालेलं वाटतं. प्रत्यक्षात पुरावा धूसर आहे. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्या'चं मंदिर रोममध्ये उभारलं, हे खरं. पण २५ डिसेंबर हा त्या सूर्याचा जन्मदिन असल्याची सर्वांत जुनी नोंद त्याच ३५४ च्या दिनदर्शिकेत आहे, जिच्यात ख्रिस्तजन्माचीही नोंद आहे. कोणी कोणाकडून घेतलं, हे त्यावरून ठरवता येत नाही.

दुसरं एक स्पष्टीकरण मला अधिक पटतं. येशूचं मरण २५ मार्चला झालं आणि त्याच तारखेला तो मरियेच्या उदरी आला, अशी जुन्या मंडळीत समजूत होती. बिशप ऑगस्टीनने ती लिहून ठेवली आहे. २५ मार्चपासून नऊ महिने मोजा, २५ डिसेंबर येतो. हा हिशेब इतिहास म्हणून टिकत नाही. पण जन्माचा विचार करतानाही त्या लोकांच्या डोळ्यांसमोर वधस्तंभ, म्हणजे येशूचा क्रूस होता, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग जन्माचं वर्ष तरी इ.स. १ आहे का?

नाही. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय सांगतो की येशू यहूदियाच्या हेरोद राजाच्या काळात जन्मला, आणि बहुतेक इतिहासकारांच्या मते हेरोद इ.स.पू. ४ मध्ये मरण पावला. त्यामुळे जन्म इ.स.पू. ६ ते ४ च्या दरम्यान मानला जातो. आपली इसवी सनाची मोजणी डायोनिसियस एक्सिगस या मठवाशाने इ.स. ५२५ मध्ये सुरू केली आणि तिच्यात काही वर्षांची चूक राहून गेली.

चारपैकी दोनच शुभवर्तमानांत जन्मकथा आहे, आणि त्या दोन्हीही जुळत नाहीत. असं का?

मार्क थेट प्रौढ येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतो. योहान त्याही मागे, सृष्टीच्या आधी जातो आणि सांगतो की आरंभी शब्द होता आणि तो शब्द देही झाला. उरले मत्तय आणि लूक. मत्तयाची कथा योसेफाच्या बाजूने चालते: स्वप्नं, तारा, पूर्वेकडून आलेले ज्ञानी म्हणजे मागी लोक, हेरोद, मिसरात म्हणजे इजिप्तमध्ये पलायन. लूकची कथा मरियेच्या बाजूने चालते: गब्रीएल देवदूत, अलीशिबेची भेट, गव्हाणी, मेंढपाळ, मंदिरातले म्हातारे शिमोन आणि हन्ना.

दोघांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं नाही, हे वाचताना जाणवतं. तरीही मुख्य गोष्टींवर दोघे एक आहेत: आई मरिया, योसेफाशी वाग्दान झालेलं, पवित्र आत्म्याने गर्भधारणा, जन्म बेथलेहेमात, वाढ नासरेथात. फरक पुसून टाकून एकच सलग गोष्ट शिवण्याची घाई करू नये, असं मला वाटतं. जन्मदृश्यात मेंढपाळ आणि मागी एकाच रात्री गव्हाणीपाशी उभे केले जातात, पण मत्तय तर म्हणतो की मागी लोक 'घरात' गेले. ते कदाचित बऱ्याच दिवसांनी आले असतील. ते तीन होते असंही कुठे लिहिलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तो आकडा पुढे रूढ झाला. बैल आणि गाढवही शुभवर्तमानांत नाहीत, ते जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आले आहेत.

गव्हाणीच का? देवाला राजवाडा निवडता आला नसता का?

लूक आपल्या दुसऱ्या अध्यायात गव्हाणीचा उल्लेख तीनदा करतो. पहिल्यांदा जन्म सांगताना, दुसऱ्यांदा देवदूत मेंढपाळांना खूण देतो तेव्हा, आणि तिसऱ्यांदा मेंढपाळांना ते बाळ सापडतं तेव्हा. एवढ्या आटोपशीर लिहिणाऱ्या माणसाने एक तपशील तीनदा लिहिला, तर तो सहज लिहिलेला नसतो.

देवदूताची खूण नीट ऐकली पाहिजे. तारणारा जन्मला आहे, तो ख्रिस्त प्रभू आहे, आणि ओळखायचा कसा? तर कापडात गुंडाळलेलं, जनावरांच्या चाऱ्याच्या जागी निजवलेलं बाळ. तेजोवलय नाही, दारावर पहारा नाही. ज्यांना ही खूण मिळाली ते रात्री रानात कळप राखणारे लोक होते. राजवाड्याच्या दारावरून त्यांना हाकलून दिलं असतं. गव्हाणीपाशी जाताना त्यांना कोणाची परवानगी लागली नाही, कपडे बदलावे लागले नाहीत, हात धुतले आहेत का असंही कोणी विचारलं नाही. माझ्या दृष्टीने उत्तर इथेच आहे. देव अशा जागी आला जिथे कोणालाही जाता यावं.

दुसरीही एक बाजू आहे. मरिया आणि योसेफ यांनी चाळीस दिवसांनी मंदिरात जे अर्पण केलं, ते लूक नोंदवतो: होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिल्लं. जुन्या करारातलं लेवीय १२ वाचलं की कळतं, ही सवलत कोकरू परवडत नसलेल्यांसाठी होती. म्हणजे येशू गरिबांच्या घरी आला हे नंतर कोणी भावनेच्या भरात रंगवलेलं चित्र नाही. ते त्या घराच्या हिशेबातच दिसतं.

बेथलेहेममधल्या जन्मस्थानाच्या चर्चचं मुख्य दार जेमतेम सव्वा मीटर उंचीचं आहे. मूळ चर्च चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात बांधलं गेलं आणि सहाव्या शतकात पुन्हा उभारलं गेलं. दार मात्र पुढच्या काळात लहान केलं गेलं. लोक त्याला नम्रतेचं दार म्हणतात. आत जायचं तर प्रत्येकाला वाकावं लागतं.

देवाला माणूस व्हायची गरजच काय होती? त्याने आकाशातून क्षमा केली असती तर चाललं नसतं का?

सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपली अडचण केवळ माहितीची असती, तर संदेश पुरला असता. संदेश पाठवलेही होते. मोशे, यशया, यिर्मया, आमोस असे संदेष्टे शतकानुशतकं बोलत आले. काय चांगलं आणि काय वाईट हे आपल्याला ठाऊक असतं, तरी आपण वाईट करतो, प्रिय माणसांना दुखावतो, मग लपतो. ख्रिस्ती विश्वास त्याला पाप म्हणतो. पाप म्हणजे नुसती मोडलेल्या नियमांची यादी नव्हे. ज्याच्यासाठी आपण घडवले गेलो, त्याच्याकडेच पाठ करून जगणं म्हणजे पाप. अशा माणसाला आणखी एक सूचना देऊन काय होणार?

चौथ्या शतकात अथनेशियस या बिशपने यावर एक दाखला दिला. फळ्यावर काढलेलं कोणाचं तरी चित्र डागांनी पुसट झालं, तर चित्रकार फळा फेकून देत नाही. ज्याचं ते चित्र आहे त्यालाच पुन्हा समोर बसवतो आणि त्याच फळ्यावर चेहरा नव्याने रेखतो. माणूस देवाच्या प्रतिरूपाने घडवला होता आणि ते रूप डागाळलं. म्हणून ज्याचं ते रूप, तो पुत्र स्वतः आला.

त्याच शतकातला नाझियान्झसचा ग्रेगरी आणखी एक पाऊल पुढे गेला. त्याचं म्हणणं असं की ख्रिस्ताने आपलं जे धारण केलं नाही, ते बरंही झालं नाही. त्याने फक्त शरीर घेतलं आणि मन घेतलं नाही, तर आपली मनं आजारीच राहिली. म्हणून येशूने सगळं घेतलं: भूक, थकवा, भीती, मित्राच्या कबरीपाशी आलेलं रडू, शेवटी मरणही. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र तेच सांगतं: तो सर्व बाबतींत आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, म्हणून परीक्षेत असलेल्यांना तो मदत करू शकतो.

वरून केलेली क्षमा आपल्याला कदाचित शिक्षेतून सोडवेल. पण एकटेपणातून कोण सोडवणार? रात्री तीन वाजता दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला, देव माझ्यावर दया करतो, एवढ्याने भागत नाही. हे दुखणं कसं असतं ते देवाला आतून ठाऊक आहे, हे त्याला हवं असतं. ख्रिस्तजन्म तेवढं देतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की ख्रिस्त देवाच्या रूपाचा असूनही त्याने स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. हे प्रेमाने केलं.

मग हा एक अवतारच झाला. वेगळं काय?

देव जगाच्या दुःखाकडे पाठ फिरवून बसत नाही, ही माणसाची जुनी आस आहे आणि तिचा आदरच केला पाहिजे. ख्रिस्ती विश्वासाचं सांगणं दोन ठिकाणी वेगळं आहे. एक म्हणजे, हे एकदाच घडलं, ठरावीक काळी आणि ठरावीक गावी, रोमन सम्राट कैसर औगुस्त सत्तेवर असताना. दुसरं, देवाने ते मनुष्यपण काम झाल्यावर उतरवून ठेवलं नाही. पुनरुत्थित येशू शिष्यांपुढे आला तेव्हा हातांवर खिळ्यांचे व्रण होते आणि थोमाला ते पाहता आले. तो आजही माणूस आहे, अशी मंडळीची श्रद्धा आहे. इ.स. ४५१ च्या खाल्केदोन परिषदेने हेच नेमक्या शब्दांत मांडलं: पूर्णपणे देव, पूर्णपणे मनुष्य, आणि एकच व्यक्ती. त्याचं शरीर केवळ भास होतं असं म्हणणारे लोक पहिल्या शतकापासून होते, आणि मंडळीने त्यांना पहिल्यापासून ठाम नकार दिला.

कुमारीच्या पोटी जन्म झाला यावर विश्वास ठेवायलाच हवा का?

मत्तय आणि लूक दोघेही ते सांगतात आणि जुन्या विश्वासांगिकारांत, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेच्या ठरलेल्या घोषणांत, ते आहे. मी ते मनापासून मानतो. मरियेलाही हे सहज पटलं नव्हतं, तिचा पहिला शब्दच 'हे कसं होईल?' असा आहे, आणि देवदूताने तिला त्या प्रश्नाबद्दल दटावलं नाही. ज्यांना इथे अडखळायला होतं, त्यांनी आधी पुनरुत्थानाचा विचार करावा. देवाने येशूला मरणातून उठवलं हे पटलं, की त्याच्या जन्माची कथा वेगळ्या नजरेने वाचता येते. उलट क्रमाने गेलात तर बहुधा अडकाल.

हेरोदाने बाळांना मारलं, ही भयानक कथा नाताळात कशाला?

कारण ती मत्तयाने तिथेच ठेवली आहे, आणि ती वगळली की नाताळ खोटा गोड होतो.

मागी लोक यरुशलेमात येऊन विचारतात, यहूद्यांचा राजा कुठे जन्मला? हेरोद घाबरतो. हा राजा कोण होता ते योसेफस या इतिहासकाराच्या लिखाणातून कळतं: सिंहासनाच्या संशयाने त्याने स्वतःच्या तीन मुलांचा जीव घेतला. मत्तय सांगतो की त्याने बेथलेहेम आणि आसपासची दोन वर्षांखालची मुलं मारवली. योसेफ बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन रातोरात मिसर देशाकडे निघतो. जगाचा तारणारा अजून बोलायला शिकलेला नाही आणि परक्या देशात आसरा शोधतो आहे.

मग मत्तय यिर्मयातलं वाक्य आठवतो: इस्राएलाची पूर्वज आई राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन करून घेत नाही, कारण ती आता नाहीत. त्यावर मत्तय काही स्पष्टीकरण जोडत नाही. देवाची काहीतरी योजना असेल, असा दिलासाही देत नाही. रडणं रडणंच राहू देतो. पुष्कळ मंडळ्या २८ डिसेंबरला, जन्माचा सण अजून चालू असतानाच, त्या निरपराध बाळांची आठवण करतात. ही प्रथा मला फार शहाणपणाची वाटते. देव ज्या जगात आला ते हेच जग आहे, जिथे सत्तेच्या भीतीपोटी लहान मुलं मारली जातात. त्याने आधी जग सुरक्षित होण्याची वाट पाहिली नाही.

नाताळ हा फक्त आत्मिक आनंदाचा सण आहे, की त्याचा समाजाशी, सत्तेशीही संबंध आहे?

मरियेचं गीत वाचा, लूक १:४६ ते ५५. गर्भवती मुलगी गाते आहे की प्रभूने बलवंतांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना चांगल्या पदार्थांनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. अंगाई नव्हे हे.

लूक औगुस्ताचं नाव घेतो त्यालाही वजन आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या प्रिएने इथे इ.स.पू. ९ चा एक शिलालेख सापडला. त्यात औगुस्ताच्या जन्मदिवसाला जगासाठी शुभवार्तेची सुरुवात म्हटलं आहे. हा माणूस स्वतःला देवाचा पुत्र म्हणवून घेत असे. त्याच्या हुकुमाने गरोदर स्त्रीला प्रवास करावा लागतो, आणि लूकच्या कथेत शुभवार्ता, तारणारा, प्रभू हे सगळे शब्द त्या स्त्रीच्या बाळाला मिळतात. लूकच्या वाचकांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल.

मत्तयाच्या वंशावळीतल्या बायकाही विसरू नका: तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको. कोणी परकी, कोणाचं आयुष्य लोकांच्या कुजबुजीचा विषय झालेलं. येशूचं घराणं सांगताना त्यांची नावं गाळली असती तरी कोणी विचारलं नसतं. मत्तयाने ती मुद्दाम ठेवली.

ख्रिस्तजन्म आणि वधस्तंभ यांचा काय संबंध?

लूक लिहितो की मरियेने बाळाला कापडात गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी अरिमथाईचा योसेफ येशूचं शरीर तागाच्या वस्त्रात गुंडाळतो आणि कबरेत ठेवतो. मागी लोकांनी गंधरस आणला, आणि योहान सांगतो की निकदेम नावाच्या माणसाने दफनासाठी गंधरस आणला. चाळीस दिवसांचं बाळ हातात घेऊन म्हाताऱ्या शिमोनाने मरियेला सांगितलं होतं की तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल. जन्माचा हेतू देवदूताने योसेफाला आधीच सांगून ठेवला होता: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. गव्हाणीपासून वधस्तंभापर्यंतची वाट एकच आहे.

आगमनकाळ म्हणजे काय?

नाताळाआधीचे चार रविवार धरून येणारा तयारीचा काळ. पश्चिमेकडच्या मंडळ्यांत त्याचा रंग जांभळा असतो, पूर्वेकडच्या मंडळ्यांत चाळीस दिवसांचा उपवास असतो. या काळात येशूच्या पहिल्या येण्याची आठवण करतात आणि तो पुन्हा येणार आहे याची वाटही पाहतात. जग अजून दुरुस्त झालेलं नाही, हे मान्य करण्याला इथे जागा आहे. नंतर २५ डिसेंबरपासून बारा दिवस जन्माचा सण चालतो आणि ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो. दुकानांतला नाताळ मात्र २५ तारखेच्या रात्री संपतो.

सांताक्लॉज आणि ख्रिसमस ट्री यांचं काय?

सांताक्लॉजच्या मुळाशी चौथ्या शतकातला मायरा शहराचा बिशप निकोलस आहे. मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. तो गरजूंना गुपचूप मदत करत असे अशी परंपरा आहे आणि त्याचा दिवस ६ डिसेंबर. सजवलेलं झाड सोळाव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशांत दिसू लागलं. दोन्हींत पाप नाही, दोन्ही आवश्यकही नाहीत. भेटवस्तूंबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचं आहे. येशूने लूक १४ मध्ये सांगितलं की ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना जेवायला बोलवा. तोच नियम भेटींना लावून पाहा आणि यादी बदलते का ते बघा.

काही ख्रिस्ती लोक नाताळ पाळतच नाहीत. का?

पवित्र शास्त्रात हा सण पाळण्याची आज्ञा नाही, म्हणून. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या प्युरिटन लोकांनी याच कारणाने १६४७ मध्ये संसदेकडून त्यावर बंदी आणली, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. त्यांची सण बिघडण्याबद्दलची काळजी मला समजते. पण देव देही झाला याची दरवर्षी आठवण नसेल, तर आपण ते फार लवकर विसरतो. पौलाने रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात दिवस मानण्या-न मानण्यावरून भांडू नका असं सांगितलं आहे, ते दोन्ही बाजूंना लागू आहे.

या वर्षी आमच्या घरात मृत्यू झाला. मला आनंद वाटत नाही आणि सगळे आनंद करायला सांगतात. काय करू?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. देवदूताने मेंढपाळांना मोठ्या आनंदाची वार्ता सांगितली, पण 'आता आनंदी व्हा' अशी आज्ञा दिली नाही. त्याने घडलेली गोष्ट सांगितली: तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. ती तुमच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही. तुम्ही रडत असाल तरी ती तितकीच खरी आहे. तिला शोभावं म्हणून चेहरा हसरा करायची गरज नाही.

पहिला नाताळही उत्साही लोकांचा नव्हता. मरिया घरापासून लांब होती, योसेफाच्या मनात काही महिन्यांपूर्वीच तिला गुपचूप सोडून द्यायचा विचार येऊन गेला होता, मेंढपाळ कमालीचे भ्यालेले होते. मंदिरातली हन्ना तर अनेक वर्षांची विधवा, लग्नानंतर सात वर्षांतच नवरा गेलेली. लूक तिचं वय सांगतो, चौऱ्याऐंशी. इतकी वर्षं दुःख सोबत वागवत ती मंदिरात राहिली होती आणि बाळ आलं तेव्हा तिने ते ओळखलं.

यंदा उपासनेला जमेल तेवढंच जा. शेवटच्या बाकावर बसा. गीत म्हणवत नसेल तर नुसतं ऐका, बाकीचे तुमच्या वाटचं म्हणतील, मंडळी असते ती त्यासाठीच. मध्येच उठून बाहेर आलात तरी काही बिघडत नाही. काही मंडळ्या २१ डिसेंबरच्या सुमारास, उत्तर गोलार्धातल्या वर्षाच्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी शांत उपासना ठेवतात. जवळपास असेल तर तिथे जाऊन पाहा. गेलेल्या माणसाची जागा जेवणाच्या वेळी रिकामी दिसेल, तेव्हा तिच्याकडे न पाहण्याचं नाटक करू नका, त्यांचं नाव घ्या.

आणि जे अशा घरी भेटायला जातात त्यांना विनंती: 'देवाला जास्त गरज होती म्हणून त्याने नेलं' असं कोणालाही म्हणू नका. बायबल असं म्हणत नाही, आणि हे ऐकणाऱ्याला फार लागतं. थोडा वेळ शेजारी बसा. देवानेही नाताळात तेच केलं.

माझा विश्वास डळमळीत आहे. तरी नाताळ पाळू का?

पाळा. मागी लोक परक्या देशातले आणि परक्या धर्माचे होते, हातात नीट माहितीही नव्हती, म्हणून आधी चुकीच्या राजवाड्यात गेले. तरी पोहोचले. पहिल्या नाताळाला ज्यांना सगळं शास्त्र पाठ होतं, ते यरुशलेमातले शास्त्री मात्र ख्रिस्त बेथलेहेमात जन्मणार असं सांगून जागच्या जागी बसून राहिले. अंतर फक्त आठ-नऊ किलोमीटर.

मी ख्रिस्ती नाही. उपासनेला आलो तर चालेल का?

नक्की या. काही करायची सक्ती नसते. सगळे उभे राहिले की उभे राहा, बसले की बसा. पवित्र सहभागिता म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याची वेळ आली, तर बहुतेक मंडळ्यांत ती बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असते, त्या वेळी जागेवर बसून राहिलात तरी कोणी वेगळ्या नजरेने पाहणार नाही. कोणालाही शंका विचारली तर उत्तर मिळेल.

घरी ख्रिस्तजन्माची कथा वाचायची आहे. कुठून आणि कशी वाचू?

लूक १:२६ ते ५६ एका संध्याकाळी, लूक २:१ ते ४० दुसऱ्या संध्याकाळी, मत्तयाचा पहिला आणि दुसरा अध्याय तिसऱ्या संध्याकाळी. वंशावळ गाळू नका, नावं अडखळत वाचली तरी चालतील. योहान १:१ ते १८ शेवटी ठेवा, कारण आधीची माणसं ओळखीची झाली की ते समजायला सोपं जातं. मोठ्याने वाचा आणि दर वेळी वाचणारा बदला. घरात लहान मुलं असतील तर हेरोदाचा भाग मोठ्यांनी आधी वाचून घ्यावा आणि मुलांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगावा, पण गाळू नये. मुलं मध्येच प्रश्न विचारतील, तेव्हा वाचन थांबवून उत्तर द्या. उत्तर येत नसेल तर तो प्रश्न कागदावर लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी पाळकांना विचारा.